आठ आठवड्यांची मराठी आणि मार्केट यार्डाची शाळा

व्यापाऱ्याच्या भांडवलात रोकड, माल आणि पत या तीन गोष्टी धरल्या जातात. चौथी गोष्ट कोणी वहीत लिहीत नाही. ती म्हणजे भाषा. ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याच्या भाषेत भाव सांगता आला, उधारी मागता आली आणि प्रसंगी गोड शब्दांत नाही म्हणता आले, तर निम्मे काम झाले असे समजावे. हे भांडवल मिळवण्यासाठी आज लोक समुद्र ओलांडून जातात. पुण्यातील मुले जर्मन, जपानी शिकायला परदेशी जातात हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु परदेशातील मुले-मुली मराठी शिकण्यासाठी पुण्यात येतात, आणि त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग आपल्या बाजारात पार पडतो, ही गोष्ट व्यापारी बंधूंपैकी फार थोड्यांच्या ध्यानात आली असेल.

पुण्याचा जुना लौकिक

हा प्रकार आजकालचा नाही. अमेरिकेतील विद्यापीठांनी एकत्र येऊन १९६१ साली ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ ही संस्था स्थापन केली. तिचे भारतातील पहिले कार्यालय आपल्या डेक्कन कॉलेजात होते. हिंदी शिकणाऱ्यांना जयपूर, उर्दू शिकणाऱ्यांना लखनौ आणि मराठी शिकणाऱ्यांना पुणे, अशी या संस्थेची वाटणी राहिली आहे. वर्षभराचा अभ्यासक्रम असतो तसा सुटीतला छोटाही असतो. छोटा म्हणजे साधारण आठ आठवड्यांचा, जून ते ऑगस्ट. तिकडे उन्हाळ्याची सुटी, इकडे आपला पावसाळा. आठवड्यातून पाच दिवस वर्ग, आणि राहण्याची सोय शक्यतो एखाद्या मराठी कुटुंबात. हिंदी-उर्दूच्या मानाने मराठीचे विद्यार्थी थोडे, पण ते येत राहिले. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघटनेनेही अनेक वर्षे आपले विद्यार्थी पुण्यात पाठवले.

अशा शिक्षणातून काय उभे राहू शकते याचे उदाहरण फलटणला आहे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई मराठी शिकल्या, फलटणच्या बोलीवरच प्रबंध लिहून त्यांनी पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि तेथेच स्थायिक होऊन प्रगत शिक्षण संस्था उभी केली. जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके तयार केली. गेल ऑम्व्हेट याही अमेरिकेतून आल्या, भारतीय नागरिक झाल्या, सांगली जिल्ह्यातील कासेगावला राहिल्या आणि २०२१ साली तेथेच निवर्तल्या. मात्र या दोघींनी मराठीला आयुष्य दिले. आठ आठवड्यांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काय लागते, हा प्रश्न वेगळा आहे.

एका पावसाळ्यात अशी एक विद्यार्थिनी मार्केट यार्डात नेमाने येत होती. विषय इतिहास, आणि पुढे शेतमालाच्या बाजारावर प्रबंध लिहायचा विचार. ती ज्या घरी राहत होती ते कुटुंब आमच्या ओळखीचे, म्हणून तिची गाठ पडली. मी कापडवाला. यार्डातील पेढ्यांच्या गाद्यांना लागणारे पांढरे कापड, सोलापूरचे टॉवेल, मालेगावच्या लुंग्या, पंचे असा माल मी पुरवतो. पावसाळा हा आमच्या धंद्यातला मंदीचा काळ, त्यामुळे बोलायला सवड होती. तिने जे सांगितले आणि मी जे पाहिले, ते तिचे नाव न घेता येथे देत आहे.

मराठीला हिंदीत उत्तर

तिची पहिली तक्रार व्याकरणाची नव्हती. तक्रार आपली होती. ती म्हणाली, “मी मराठीत विचारते, लोक हिंदीत उत्तर देतात. जे जास्त शिकलेले आहेत ते इंग्रजीत देतात.” पहिल्या आठवड्यात तिने दहा ठिकाणी मराठीत भाव विचारला, तर मराठीत उत्तर मिळाले ते दोन-तीन ठिकाणी. गोरा चेहरा पाहिला की आपल्या तोंडून आपोआप ‘कितना चाहिये मॅडम’ निघते. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पाहुण्याला त्रास होऊ नये, ही आपली रीत. परंतु जी बाई हजारो मैलांवरून ही एकच वस्तू घ्यायला आली, तिला आपण ‘ती वस्तू शिल्लक नाही, दुसरी घ्या’ असे सांगतो. गिऱ्हाइकाने सुती कापड मागावे आणि दुकानदाराने आदराने पॉलिस्टर पुढे करावे, तशातला हा प्रकार.

तिला खरे शिक्षक मिळाले ते ज्यांना हिंदी-इंग्रजी फारसे येत नाही अशांतून. पालेभाज्यांच्या बाजूला बसणारी एक मावशी, दोन-तीन हमाल आणि टेम्पोबरोबर माल घेऊन आलेले शेतकरी. यांच्याकडे दुसरी भाषाच नव्हती, म्हणून पळवाट नव्हती. मावशीने तिला पहिल्याच दिवशी ‘काय गं पोरी’ म्हटले. वर्गात तिला ‘तुम्ही’ शिकवले होते. ‘गं’ म्हणजे काय, हे तिने दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला विचारले.

वर्गात शिकवलेले आणि बाजारात चालणारे यांत फरक असतो, हे तिच्या लवकर लक्षात आले. ‘कृपया मला एक जुडी मेथी मिळेल का?’ असे तिने विचारले तेव्हा आजूबाजूचे हसले. बाजारात ‘मावशी, मेथी कशी दिली?’ एवढे पुरते. भाजी घेतल्यावर ‘धन्यवाद’ म्हटले की मावशी अवघडून जाई. मग कोणीतरी तिला सांगितले की निघताना ‘येते हं मावशी’ म्हणावे. जाणारा माणूस आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, ही गोष्ट तिने वहीत दोनदा अधोरेखित करून ठेवली होती.

पावणेदोनशेचा धडा

मराठी शिकणाऱ्याची दुसरी मोठी अडचण आकड्यांची. इंग्रजीत वीसच्या पुढे एक, दोन, तीन लावत गेले की काम भागते. आपल्याकडे एकोणपन्नास, एकावन्न, त्रेपन्न, एकोणसत्तर, हे सगळे पाठच करावे लागते. त्यावर सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन यांची भर. सव्वाशे म्हणजे एकशे पंचवीस, पावणेदोनशे म्हणजे एकशे पंच्याहत्तर, अडीचशे म्हणजे दोनशे पन्नास. यार्डात तर फळभाज्यांचा भाव दहा किलोंवर बोलतात आणि पालेभाजीचा शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर. नवख्याने किलोचा भाव समजून घाबरून जावे किंवा खूष व्हावे, असा हा मामला.

वजनमापांचेही तेच. १९५६ साली कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो आला. परंतु बाई अजून पावशेर मिरची मागते आणि घेणारीला पाव किलो मिळते. आमच्या कापडात मीटर आला, तरी नऊवारी ही नऊवारीच राहिली. कायदा माप बदलतो, जीभ आपल्या वेळेने बदलते. पुस्तकातली मराठी शिकून आलेल्या मुलीला हा ‘शेर’ कोण, हे कळायला चार दिवस लागले.

एकदा तिने लिंबांची पाटी घेतली. विकणाऱ्या बाईने पावणेदोनशे सांगितले. तिला फक्त ‘दोनशे’ ऐकू आले. शंभराच्या दोन नोटा देऊन ती निघून गेली. थोड्या वेळाने एक हमाल मागून धावत आला आणि पंचवीस रुपये तिच्या हातावर ठेवून म्हणाला, “ताई, पावणे म्हणजे पाव कमी.” ती मला म्हणाली की आठ आठवड्यांत इतका पक्का धडा दुसरा झाला नाही. वर्गात चुकले तर वहीवर लाल रेघ येते, बाजारात चुकले तर पैसे जातात. त्या दिवशी पैसे परत आले, ही त्या बाईची नियत. पण ‘पावणे’चा अर्थ तिच्या डोक्यात कायमचा बसला.

कांदा तो, भेंडी ती, वांगे ते

तिसरी अडचण लिंगांची. इंग्रजीत कांद्याला लिंग नसते. उर्दू-हिंदीत दोन, मराठीत तीन. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलेला, त्यामुळे तिचे दुःख मला चांगले समजले. उर्दूत दुकान स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसक. उर्दूत किताब ती, मराठीत पुस्तक ते. मराठी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, कापड फाडता फाडता आमची मराठी झाली. तिची भाजीबाजारात झाली. तो कांदा, तो बटाटा, ती भेंडी, ती मिरची, ते वांगे, ते गाजर, ते लिंबू. नाव घेऊन रोज माल उचलला की लिंग आपोआप जिभेवर बसते. लसणापाशी मात्र ती अडली. कोणी ‘तो लसूण’ म्हणे, कोणी ‘ती लसूण’. शेवटी मावशीने निकाल दिला, “घरी न्यायचा असेल तर तो, फोडणीला टाकायची असेल तर ती.” हे व्याकरण कोणत्याही पुस्तकात सापडायचे नाही, पण त्या दिवशी गाळ्यावर सगळे हसले आणि विद्यार्थिनीला मराठीत विनोद समजला, ही तिच्या दृष्टीने मोठी कमाई होती.

आणखी एक गोष्ट तिला आढळली. बाजारातील कामाचे बरेच शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. बाजार, दुकान, दलाल, हमाल, माल, वजन, किंमत, जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा आणि खुद्द हिशेब. तिच्याबरोबर शिकलेला एक विद्यार्थी तिकडे उर्दू शिकत होता. त्याला यातले निम्मे शब्द आधीच येत होते, असे ती सांगे. हे शब्द शेकडो वर्षे या मातीत राहिले, मराठीचे प्रत्यय लावून घेतले आणि मराठी झाले. ‘बाकी’ला मराठी नव्हे असे म्हणणारा माणूस आपली उधारी कोणत्या शब्दाने मागणार?

पट्टीवरचा भाव

सहाव्या आठवड्यापर्यंत तिला लिलावातले बोलणे निम्मे-शिम्मे कळू लागले. आवक, उठाव, आडत, तोलाई, वाराई हे शब्द ती बिनचूक वापरू लागली. शेतकऱ्याला मिळणारी पट्टी वाचायला ती शिकली. २०१६ सालापासून फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम झाला, हेही तिला एका आडत्याने समजावून सांगितले, आणि विशेष म्हणजे मराठीत. हाताने घाईत लिहिलेली पट्टी मात्र तिला शेवटपर्यंत नीट लागली नाही. फोनवरचे बोलणेही कळत नसे. समोर माणूस असला, हातवारे असले, माल असला, म्हणजे भाषा निम्मी सोपी होते.

सातव्या आठवड्यात एक प्रसंग घडला. पुरंदरकडचा एक शेतकरी कोथिंबीर घेऊन आला होता. आवक फार झाली होती आणि भाव पडला होता. ही आपली वहीत काही लिहीत उभी होती. तो म्हणाला, “ताई, काय लिहिताय? लिहायचंच असेल तर आमचा भाव पण लिहा. आज गाडीभाडं सुटलं नाही.” मी जवळच होतो. तिला त्याचा शब्द न् शब्द समजला. परंतु त्याला काय उत्तर द्यावे हे तिला सुचेना. तिने फक्त भाव विचारला, त्याने सांगितला आणि तिने तो त्याच्यासमोर मराठी आकड्यांत लिहिला. नंतर ती बराच वेळ गप्प होती. मला म्हणाली, “सहा आठवडे मला वाटत होतं की समजलं म्हणजे झालं. आज समजलं, आणि काही झालं नाही.”

माझ्या मते त्या दिवशी तिचा अभ्यासक्रम पुरा झाला. भाषा येत नसते तोवर माणूस बाजार पाहतो. भाषा आली की बाजार त्याला विचारू लागतो. ज्या विषयावर ती पुढे लिहिणार होती, तो विषय त्या दिवशी तिच्याशी पहिल्यांदा मराठीत बोलला.

नफा-तोटा

आता व्यापाऱ्याच्या रीतीने हिशेब मांडू. आठ आठवड्यांत भाषा येते काय? येत नाही. पाया घालता येतो. परंतु पायावर भिंत चढणार की नाही हे दोन गोष्टींवर ठरते. शिकणारा आपल्या माणसांच्या कोंडाळ्यातून बाहेर पडतो काय, आणि समोरचा त्याला त्याच्याच मागणीप्रमाणे त्या भाषेत उत्तर देतो काय. पहिली गोष्ट त्याच्या हातात आहे, दुसरी आपल्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सर्वांना आनंद झाला, तो योग्यच होता. परंतु दर्जा कागदावर मिळतो, चलन गल्ल्यावर. मराठीत भाव विचारणाऱ्याला मराठीत भाव सांगायला पैसा पडत नाही. फार तर दोन मिनिटे जास्त जातात. एवढ्या भांडवलावर कायमचे गिऱ्हाईक बांधले जाते, हे आम्हा कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको.

हाच हिशेब आपल्या मुलांनाही लागू आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. दहा हजार तरुणांचा प्रारंभीचा आकडा जाहीर झाला आणि त्यासाठी जर्मन भाषेचे शिक्षण आवश्यक ठरले. तेव्हापासून जर्मन शिकावे काय, महिना-दोन महिने तिकडे जाऊन यावे काय, असे प्रश्न घराघरांत विचारले जात आहेत. जरूर जावे. परंतु जाण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, येथूनच निदान आकडे, वेळ, दिशा, भाव आणि पैसे यांचे शब्द पाठ करून जावे. तेथे जाऊन वर्णमाला गिरवणे म्हणजे विमानाचे भाडे देऊन पाटी विकत घेणे.

दुसरी, राहण्याची जागा निवडताना पाच ओळखीची मुले मिळून एक खोली घेऊ नये. भाडे वाचते, पण ज्यासाठी गेलो ती भाषा दाराबाहेर राहते. स्थानिक कुटुंबात राहावे, मग जेवण थोडे अळणी लागले तरी चालेल.

तिसरी, रोज एकाच बाजारात, शक्यतो त्याच दुकानात जावे. दहा दुकाने हिंडणाऱ्याला दहा वेळा नमस्कार करायला मिळतो. एका दुकानात रोज जाणाऱ्याला दुकानदार चुका सांगू लागतो.

चौथी, समोरचा इंग्रजीत वळला तरी आपण शिकायच्या भाषेतच राहावे. त्याने दोनदा इंग्रजीत विचारले, आपण दोनदा त्याच्याच भाषेत उत्तर दिले, की तिसऱ्यांदा तो परत येतो. या विद्यार्थिनीने हा उपाय मार्केट यार्डात केला आणि शेवटच्या आठवड्यात बहुतेक गाळ्यांवर तिला मराठीत उत्तर मिळू लागले.

जे परदेशी जाणार नाहीत त्यांच्यासाठीही यात घेण्यासारखे आहे. आपल्या घरांत इंग्रजी शाळेत जाणारी मुले एकोणसत्तर म्हणताच ‘म्हणजे किती?’ असे विचारतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशाही वाचायला दिल्या, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. पुस्तकाने काहीही करावे. परंतु हा मुलगा उद्या दुकानात बसला आणि गावाकडच्या गिऱ्हाइकाने ‘पावणेतीनशेला द्या’ म्हटले, तर तो काय करणार? त्याला सुटीत आठ आठवडे नको, आठ सकाळी यार्डात न्यावे. हातात पिशवी आणि मोजके पैसे द्यावेत. घरची भाजी त्यानेच भाव करून आणावी. फी काही नाही, उलट भाजी घरी येते.

व्यापारी बंधूंना शेवटची विनंती. पावसाळ्यात एखादा परदेशी चेहरा गाळ्यावर येऊन तुटक्या मराठीत भाव विचारील. त्याची भाषा बदलू नये. हळू बोलावे, भाव एकदा शब्दांत सांगावा, एकदा बोटांवर दाखवावा, आणि चुकले तर मावशीसारखे हसून दुरुस्त करावे. तो माणूस परत जाऊन आपल्या बाजारावर लिहील, शिकवील, कदाचित माल मागवील. काही नाही तरी निघताना ‘येतो हं’ म्हणेल, आणि असे म्हणून गेलेले गिऱ्हाईक परत येते, असा आमचा अनुभव आहे.